पुस्तक बदलतं, कारण पोहोचत नाही
वाचकांचे प्रश्न : शाळा आणि शिक्षण

या महिन्यातली तीन पत्रं एकाच दुखण्याबद्दलची आहेत. शिक्षणावर संशोधन होतं, अभ्यासक्रमाचे निर्णयही होतात, पण दोघांची गाठ पडत नाही. म्हणून ही तिन्ही पत्रं एकत्र घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न थेट वर्गातून आला आहे.

प्रश्न : मी अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दुसरीला शिकवते. बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात. २०१९मध्ये दुसरीच्या गणितात २१, २२ साठी 'वीस एक, वीस दोन' आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. ते पुस्तकात का आलं हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही, आणि टीका झाली तेव्हा आम्हाला कुणी विचारलंही नाही. मुलं आजही 'त्रेसष्ट' सांगितलं की ३६ लिहितात. संशोधन करणाऱ्यांना हे ठाऊक असतं का? असेल तर पुस्तक ठरवताना त्यांचं कोण ऐकतं?
— एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : बाई, त्यांना हे चांगलं ठाऊक असतं. त्रेसष्टचे छत्तीस होतात तो मुलाचा आळस नाही. 'त्रेसष्ट' म्हणताना कानावर आधी तीन पडतात, मग साठ. लिहिताना मात्र सहा आधी लिहायचे असतात. ऐकलं त्याच क्रमाने लिहिणारं प्रामाणिक मूल ३६ लिहिणारच. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात, आणि जर्मन बोलणाऱ्या मुलांच्या वह्यांत हीच उलटापालट मोठ्या प्रमाणात आढळते, असं तिथल्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. चिनी भाषेत अकराला 'दहा एक' आणि एकविसाला 'दोन दहा एक' म्हणतात. दहाच्या पुढे मोजताना चिनी मुलं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा कमी अडखळतात, हे दाखवणारे अभ्यास १९८०च्या दशकातले आहेत.

आपल्याकडे तर अडचणी एकावर एक आहेत. नुसता क्रम उलटा असता तरी निभावलं असतं, पण दशकाचं नावही आपलं रूप टिकवत नाही. पन्नास म्हणून शिकवावं तर पुढे एकावन्न, बावन्न. सत्तरनंतर एकाहत्तर, नव्वदनंतर एक्याण्णव. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणनव्वद म्हणजे नव्वदला एक कमी. हे मुलाच्या लक्षात येतं न येतं तोच नव्याण्णव येतो आणि नियम मोडतो. शंभरपर्यंतची बहुतेक नावं सुटी सुटी पाठ करावी लागतात. शिवाय त्रेचाळीस, चव्वेचाळीस, अठ्ठ्याहत्तर अशी जोडाक्षरं, तीही जोडाक्षरांची ओळख नीट व्हायच्या आधी. घरात कुणी मोजून दाखवणारं नसेल, त्या मुलाला हे डोंगराएवढं वाटतं. दुसरीतच 'मला गणित येत नाही' म्हणणारी मुलं मी सातारा जिल्ह्यात शाळेवर असताना खूप पाहिली. त्यांना बेरीज येत होती. येत नव्हती ती नावं.

२०१९च्या पुस्तकामागचा विचार हा होता. गणिताच्या अभ्यासगटाच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्या गणितज्ञ होत्या, आणि सामान्य वाचकाला गणिताची गोडी लागावी म्हणून त्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं. २०२३मध्ये त्या गेल्या. जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे लहान मुलं गणिताला घाबरतात, इंग्रजीत आणि दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी बोलतात, म्हणून मुलांना हा पर्यायही मिळावा, असं त्यांनी त्या वेळी सांगितलं होतं. पुस्तकात एकवीस, बावीस ही नावंही होती. ती काढून टाकलेली नव्हती. पण चर्चा अशी झाली की जणू त्रेसष्ट, त्र्याण्णव हे शब्द उद्यापासून बंद. वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि विधानसभेतही कोट्या झाल्या. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमण्याचं जाहीर केलं. दुसरीच्या मुलाला त्रेसष्ट लिहिताना काय होतं, हा प्रश्न या सगळ्यात कुठेच शिल्लक राहिला नाही.

टीका करणारे सगळे अडाणी होते असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांचे दोन मुद्दे मला वजनदार वाटतात. एक, मूल शाळेबाहेर पडलं की दुकानदार, कंडक्टर, आजी सगळे 'त्रेसष्ट'च म्हणणार, आणि ते त्याला कळलंच पाहिजे. दुसरा मुद्दा एका शिक्षकाने मला सांगितला होता : 'वीस एक' मुलांच्या कानाला 'वीसेक' असं ऐकू येतं, म्हणजे साधारण वीस. ही अडचण कागदावर दिसत नाही, वर्गात पाऊल टाकलं की दिसते. मूल कुठे अडखळतं हे संशोधन सांगू शकतं. समाजाने कोणते शब्द जपावेत हे ते ठरवू शकत नाही. तो निर्णय आपल्या सगळ्यांचा आहे आणि तसाच असायला हवा. फक्त तो घेताना अडखळणाऱ्या मुलाची माहिती समोर हवी, आणि ते मूल रोज पाहणारी तुमच्यासारखी बाई त्या खोलीत हवी.

असा बदल जगात कुठे झालाच नाही असंही नाही. नॉर्वेने १९५१मध्ये संसदेच्या निर्णयाने आकडे म्हणण्याची पद्धत बदलली. 'एक आणि वीस' याऐवजी 'वीस एक' म्हणायचं ठरलं. कारण होतं टेलिफोनचं : क्रमांक सांगताना आणि ऐकताना आकड्यांची अदलाबदल होत असे. शाळांनी नवी पद्धत घेतली. आज इतक्या वर्षांनीही तिथे जुनी पद्धत बोलण्यात ऐकू येते, आणि दोन्ही सुखाने नांदतात. वेल्श भाषेतही विसाच्या पटीतली जुनी नावं बोलण्यात टिकून आहेत, आणि शाळेत गणितासाठी दशक आधी असणारी सोपी पद्धत वापरतात. जुने शब्द मरतील ही भीती या दोन्ही ठिकाणी खरी ठरलेली नाही. 'वीस एक'ला विरोध करणाऱ्या कुणाही सुजाण माणसाला हे शांतपणे सांगितलं असतं तर त्याने ऐकून घेतलं असतं, असा माझा विश्वास आहे. पण सांगायचं कुणी आणि कधी? पुस्तक जूनमध्ये मुलांच्या हातात पडलं, वादही जूनमध्येच पेटला.

माझं खरं म्हणणं इथे आहे. आपल्याकडे अभ्यासक्रम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आखते, पुस्तकं बालभारती काढते, आणि धोरणाचे शासन निर्णय मंत्रालयातून निघतात. या साखळीत जाणकार माणसं असतात, अनेकदा उत्तम असतात. एक कडी मात्र गळलेली असते. नवी गोष्ट आधी वेगवेगळ्या भागांतल्या थोड्या शाळांत वर्षभर करून पाहायची, शिक्षकांच्या नोंदी मराठीत छापायच्या, त्यावर लोकांना बोलू द्यायचं, आणि मग राज्यभर न्यायची. 'वीस एक' अशा पद्धतीने शंभर शाळांत वर्षभर चाललं असतं, तर 'वीसेक'ची अडचण तेव्हाच कळली असती आणि तिच्यावर तोडही निघाली असती. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वाद झाला तेव्हा बाजू मांडायला शंभर शिक्षक उभे राहिले असते. प्रत्यक्षात एका वृद्ध विदुषीला एकटीने उत्तरं द्यावी लागली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

बदलाचं कारण खाली पोहोचत नाही म्हणजे काय, ते मी प्रशिक्षणवर्गांत पाहिलं आहे. राज्यस्तरावर एक गट शिकतो, तो जिल्ह्याला शिकवतो, जिल्हा तालुक्याला. तालुक्याच्या वर्गात एका शिक्षकाने विचारलं, "हे का बदललं?" साधनव्यक्तीच्या, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याच्या, हातात वरून आलेल्या स्लाइड होत्या. त्यांत काय बदललं ते होतं, का बदललं ते नव्हतं. साधनव्यक्ती म्हणजेही शेजारच्या केंद्रातले, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातले, शिक्षकच. ते काय उत्तर देणार? कारण ठाऊक नसलेला शिक्षक दोनच गोष्टी करू शकतो : पुस्तक जसंच्या तसं उरकणं, नाहीतर पान उलटून जुनंच शिकवणं. दोन्हींत संशोधन वाया जातं.

हे गणितापुरतं नाही. २०२३-२४पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत वह्यांची कोरी पानं घातली आणि पुस्तकाचे भाग केले. हेतू चांगला होता, दप्तर हलकं व्हावं. मुलं पुस्तकाबरोबर वह्याही आणतच राहिली, आणि जानेवारी २०२५मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. मुलं वह्या आणणं थांबवतात की नाही, हे थोड्या शाळांत एका सत्रात पाहता आलं असतं. त्यासाठी साऱ्या राज्याची पुस्तकं छापायची गरज नव्हती.

आता तुमच्या वर्गाचं. तुमच्याकडे एक साधन आहे जे पुण्या-साताऱ्याच्या शाळांत नाही : तुमच्या मुलांचं कन्नड. कन्नडमध्ये एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', त्रेसष्ट म्हणजे 'अरवत्तमूरु'. वीस आधी, मग एक. साठ आधी, मग तीन. मुलांना घरच्या भाषेत मोजू द्या. एका मुलाने 'अरवत्तमूरु' म्हणायचं, दुसऱ्याने दहाच्या काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडायच्या, तिसऱ्याने ६० च्या कार्डावरच्या शून्यावर ३ चं कार्ड ठेवायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून 'त्रेसष्ट' म्हणायचं. मराठी बोलणाऱ्या मुलांनाही त्यांच्याकडून हे शिकू द्या. 'साठ आणि तीन, त्रेसष्ट' असं दोन्ही जोडून म्हणायला लावलं तर 'वीसेक'चा गोंधळही टळतो. मात्र श्रुतलेखनात ३६ आणि ६३ची गल्लत किती मुलांची होते, हे दर महिन्याला एका कागदावर लिहून ठेवा. नावं नकोत, नुसता आकडा. हेही संशोधनच आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही.

प्रश्न : माझी मुलगी गेल्या वर्षी पहिलीत गेली. तिसरी भाषा पहिलीपासून, मग नाही, मग समिती, असं सगळं आम्ही बातम्यांत पाहिलं. लहान मुलं भाषा पटकन शिकतात असं एकीकडे सांगतात, आणि ओझं होतं असं दुसरीकडे. संशोधन नक्की काय सांगतं? आणि निर्णय घेणाऱ्यांनी ते पाहिलं होतं का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : आधी घटनाक्रम सांगते. १६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा झाली. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला : 'सर्वसाधारणपणे' हिंदी, तिच्याऐवजी वेगळी भाषा हवी असल्यास वर्गात किमान वीस विद्यार्थी हवेत. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली.

निर्णयाला २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधार सांगितला गेला. पण त्या धोरणावर आधारलेला २०२३चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तिसरी भाषा सहावीपासून धरतो, पहिलीपासून नाही. सरकारची स्वतःची भाषा सल्लागार समिती आहे. लक्ष्मीकांत देशमुख तिचे अध्यक्ष होते. त्या समितीनेही एप्रिलमध्येच विरोध कळवला होता. म्हणजे माहिती शेजारच्या दालनात होती. ती निर्णयाच्या आधी मागितली गेली नाही.

'मुलं पटकन शिकतात' हे अर्धं खरं आहे. गल्लीत, अंगणात, दिवसभर कानावर पडणारी बोली मुलं भराभर उचलतात. धारावीतलं मूल चार भाषांत भांडतं. पण आठवड्यातल्या काही तासिकांत, पुस्तकातून, लिपीसकट शिकवलेली भाषा ही वेगळी गोष्ट आहे. तिचा पाया म्हणजे एका भाषेत तरी नीट वाचता येणं, आणि आपला तो पायाच कच्चा आहे. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१६ या काळात कर्नाटकातल्या यादगीरमध्ये आणि आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा भागात पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा अभ्यास केला. अभ्यासक्रम धरून चालतो की लिपी पहिलीत येऊन जाईल. प्रत्यक्षात मुलांना त्याहून बराच जास्त वेळ लागत होता, आणि तिसरीतही अनेक मुलं लहानसा मजकूर समजून वाचू शकत नव्हती. बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून आपल्या लिपीत ओळखायच्या आकृत्या शेकड्यांनी आहेत. ज्यांच्या घरी वारली किंवा कातकरी बोलतात, त्या मुलांना मराठी हीच शाळेतली दुसरी भाषा आहे. त्यांच्या वेळापत्रकात पहिलीतच आणखी एक भाषा घालणं मला अन्यायाचं वाटतं, मग ती भाषा कोणतीही असो.

निर्णय मागे गेला याचा मला आनंद आहे. पण तो जनतेच्या रोषापुढे मागे गेला, आणि याची काळजी वाटते. ज्या चुकीच्या निर्णयाविरुद्ध रस्त्यावर कुणी उतरणार नाही, तो तसाच राहील. दुसरीच्या गणितासाठी किंवा तिसरीच्या वाचनासाठी कधी मोर्चा निघत नाही.

तुमच्या मुलीसाठी एवढंच करा : रोज तिला मराठीत गोष्ट वाचून दाखवा, आणि तिच्याकडून ऐकाही. हिंदी तिच्या कानावर येतेच आहे, तिची घाई नको.

प्रश्न : मी शिक्षणशास्त्रात पीएच. डी. करतो आहे. विषय आहे सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली भाषा मुलांना किती समजते. मार्गदर्शक म्हणतात, इंग्रजीत शोधनिबंध छाप. ते मी करेनच. पण हे काम पुस्तक लिहिणाऱ्यांपर्यंत कधी पोहोचेल का?
— एक संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमचा विषय मला फार जवळचा आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वी, चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी, याच प्रश्नावर काम केलं. विज्ञान कळत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा मुलाला पुस्तकातली भाषा कळलेली नसते, आणि ती सोपी केली की समजही वाढते, हे त्यांनी दाखवलं. इतक्या वर्षांनी तुम्हाला पुन्हा तोच प्रश्न घ्यावा लागतो, यावरून अंतर किती आहे ते कळतं. तुमच्या प्रबंधात त्या कामाला भरपूर जागा द्या.

जिथे हे अंतर खरोखर मिटलं होतं, अशी एक जागा मला माहीत आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२मध्ये किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. पुढे एकलव्य संस्थेने ते काम सांभाळलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक तिथे येत. ते आणि सहावी ते आठवीच्या सरकारी शाळांचे शिक्षक एकत्र बसून धडे घडवत. शिक्षक दर महिन्याला भेटत, कोणता प्रयोग फसला ते सांगत, आणि धडा पुन्हा लिहिला जाई. १९७८मध्ये हे काम जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत गेलं. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून होत. तीस वर्षं ते चाललं, आणि २००२मध्ये राज्य सरकारने ते बंद केलं. म्हणजे शिक्षक आणि संशोधक घट्ट जोडले गेले तरी निर्णयाची किल्ली तिसऱ्याच हातात राहू शकते. त्या हातापर्यंत पालक पोहोचतात, म्हणून पालकांनाही हे काम समजलं पाहिजे. आपले संशोधक इथे कमी पडतात असं माझं मत आहे. प्रबंध इंग्रजीत, सारांश इंग्रजीत, आणि ज्या मुलांवर तो लिहिला त्यांच्या शिक्षकाला निष्कर्षाची एक ओळही मिळत नाही.

तुम्ही असं करा. ज्या शाळांत माहिती गोळा केली, तिथे परत जा आणि काय आढळलं ते शिक्षकांना मराठीत सांगा. पुस्तकातली जी वाक्यं मुलांना कळली नाहीत ती आणि त्यांची सोपी रूपं शेजारी शेजारी छापून चार पानांची पुस्तिका करा. 'भाषा अवघड आहे' असं मोघम लिहू नका. कोणत्या पानावर, कोणतं वाक्य, मुलांनी त्याचा काय अर्थ लावला, हे लिहा. पुस्तक लिहिणारा माणूस तेवढंच वापरू शकतो. ती पुस्तिका बालभारतीच्या विज्ञान विभागाला टपालाने पाठवा आणि पोच मागा. शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास मिळावा म्हणून केंद्रप्रमुखांना आधी भेटा. ते सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यांनाही बोलायला नवा विषय हवा असतो. नव्या आराखड्याप्रमाणे वरच्या इयत्तांची पुस्तकं यायची आहेत, तेव्हा प्रबंध पूर्ण व्हायची वाट पाहू नका. पुस्तिका आधी तयार करा. पहिला खर्डा मला या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. वाचून, खुणा करून परत पाठवेन, आणि तुमची परवानगी असेल तर त्यातली दोन पानं याच सदरात छापू.